वॉर्मचा चुलतभाऊ कोण, घाम की समोवार?

ऊनसावली
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, गोड मानून घ्या. सध्या स्टुटगार्टात घर शोधतोय आणि इथल्या जाहिरातींत दर दोन ओळींनी काल्टमीटे आणि वार्ममीटे हे शब्द येतात. पहिलं म्हणजे थंड भाडं, नुसत्या चार भिंतींचं, आणि दुसरं गरम भाडं, त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिना झाडणं वगैरे सगळं धरून. भाड्याला गरम म्हणणारे लोक बघून हसू आलं आणि मग रात्री झोप सोडून त्या 'वार्म' शब्दाच्या मागे लागले, त्याचा हा वृत्तांत.

इंग्रजी वॉर्म, जर्मन वार्म, डच वार्म, स्वीडिश-डॅनिश वार्म, आइसलँडिक वार्मुर. जुन्या इंग्रजीत वेआर्म, जुन्या नॉर्समध्ये वार्म्र. हे सगळे सख्खे भाऊ, त्यांचा बाप म्हणजे प्रोटो-जर्मॅनिकमधलं, म्हणजे या सगळ्या भाषांच्या आदिभाषेतलं, *वर्मझ् हे विशेषण. पुढे तारा लावलाय तो शोभेचा नाही, तारा म्हणजे हे रूप कुणी लिहून ठेवलेलं सापडलेलं नाही, मुलांची तोंडं बघून बापाचं चित्र काढलंय. शेवटचा झ् म्हणजे आपल्या घर्मः मधला विसर्ग समजा. नॉर्समध्ये त्याचा र झाला, गॉथिक या लुप्त जर्मॅनिक भाषेत असल्या शब्दांत त्याचा स् होतो, आणि इंग्रजी-जर्मनवाल्यांनी तो सरळ टाकून दिला.

इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते त्या बापाच्या बापावरून. एक पक्ष म्हणतो तो म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मॅनिक या सगळ्यांच्या आदिभाषेतला *घ्वोर्मोस्, आणि संस्कृत घर्म, ग्रीक थेर्मोस, लॅटिन फोर्मुस, आर्मेनियन जेर्म आणि फारसी गर्म हे त्याच घरातले. तसं असेल तर आपला 'घाम' आणि 'गरम' दोघेही वॉर्मचे चुलतभाऊ. दुसरा पक्ष म्हणतो छे, हा 'जळणे, उकळणे' अर्थाच्या *वेर् धातूचा, लिथुएनियन विर्ती म्हणजे उकळणे, रशियन वारीत् म्हणजे शिजवणे, आणि समोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं, शब्दशः 'स्वतः उकळणारा', त्या घरातला. हित्ती या प्राचीन भाषेतही वर् म्हणजे जळणे.

मी घामाच्या बाजूची आहे. तुमचं काय म्हणणं?

चहाबाज
मी न वाचताच समोवार पार्टीत. आयडी बघा माझा.

खडूस_काका
एवढी मेहनत कशाला घेता? घर्म हा संस्कृत शब्द आहे, त्याचाच अपभ्रंश होऊन वॉर्म झाला, थर्म झाला, गर्म झाला. सगळं इथूनच गेलंय. आमच्या लहानपणी शाळेतले मास्तर सांगायचे.

पाणिनीचा_शेजारी
काका, मास्तरांना नमस्कार, पण हे गणित तसं सुटत नाही. संस्कृतात मुळातले ए, ओ, अ हे तिन्ही ऱ्हस्व स्वर एकाच 'अ' मध्ये बुडाले. ग्रीकमध्ये थेर्मोस मधे ए आहे, लॅटिन फोर्मुसमधे ओ आहे. घर्ममधून हे दोन्ही निघायचे तर ग्रीकांना कसं कळणार की इथे ए करायचा आणि रोमनांना कसं कळणार की ओ करायचा? एकदा पाण्यात साखर, मीठ आणि तुरटी विरघळली की चमच्याने वेगळी काढता येत नाही राव.

आणि गंमत अशी की तो बुडालेला फरक खुद्द संस्कृतातच खूण सोडून गेलाय. ऋग्वेदात 'हरस्' असा शब्द आहे, अर्थ धग, ज्वाला. त्याचा ग्रीक जुळा म्हणजे थेरोस, उन्हाळा. धातू तोच जो घर्मचा. मग एकीकडे ह आणि एकीकडे घ का? कारण हरस् मध्ये मूळ स्वर ए होता, ए च्या आधी घ्व मऊ पडून ह झाला, आणि घर्ममध्ये मूळ ओ होता म्हणून घ टिकला. म्हणजे संस्कृताच्या पोटात आधीची एक अवस्था दिसतेय जी संस्कृत नाही. संस्कृत ही आई नाही, थोरली मावशी आहे, आणि मावशीचा मान काही कमी नसतो. हलके घ्या.

खडूस_काका
मावशी तर मावशी. पण थोरली म्हणालात ते लक्षात ठेवतो.

लोहाराचं_पोर
मला यातलं ओ की ठो कळत नाही पण ह आणि घ वरून आठवलं, हाणणे आणि घण यांचं पण असंच आहे का? आमच्या घरी भाता होता, आजा म्हणायचा घण हाण. दोन्ही शब्द एका दमात.

पाणिनीचा_शेजारी
अहो तुम्ही थेट वर्मावर घण घातलात! अगदी तेच. 'हन्ति' मध्ये ह, पण 'घ्नन्ति' आणि 'घन' मध्ये घ. धातू *घ्वेन्, मारणे. हन् मधून आपलं हाणणे, घन मधून लोहाराचा घण. तुमच्या आज्याने एका वाक्यात अख्खा नियम सांगितला.

आणि हा धातू धाग्याला फार कामाचा आहे, कारण भांडणाचं खरं मूळ इथेच आहे. प्रश्न असा की शब्दाच्या सुरुवातीला असलेल्या त्या 'ओठ गोल केलेल्या घ' चं जर्मॅनिकमध्ये होतं काय? जर्मन भाषातज्ज्ञ ग्रिमचा 1822 चा नियम ढोबळपणे सांगतो की भ-ध-घ यांच्यातला ह कार उडतो, भ्रातृचा ब्रदर होतो. मग घ्व चा ग्व होणार. पुढे तो ग्व कुठे वळतो यावर मारामारी. *घ्वेन् चं बघा. त्याच्यातून जर्मॅनिकमध्ये 'गुन्थ' असा लढाईचा शब्द आला, इथे ग. आणि त्याच धातूतून इंग्रजी 'बेन' (bane) आला, जुन्या इंग्रजीत बाना म्हणजे मारेकरी, इथे ब! हा ब वाला मुद्दा 1967 साली एल्मार झेबोल्ट या जर्मन अभ्यासकाने जोर लावून मांडला, की सुरुवातीच्या घ्व चा नियमित ब होतो आणि उ च्या आधी ग. दुसरा पुरावा 'बिटन', मागणे, विनवणे, म्हणजे ऊनसावलीताई तिकडे दिवसातून पन्नासदा 'बिट्टे' म्हणतात ते. त्याचा आयरिश भाऊ ग्विधिध, प्रार्थना करतो.

आता हे खरं धरलं तर *घ्वोर्मोस् चं जर्मॅनिक रूप 'बर्म' व्हायला हवं होतं. वॉर्म नाही. म्हणून समोवारवाले जोरात आहेत.

चहाबाज
ऐकलंत? आपला पक्ष जोरात आहे. काय बोलतोय ते मला कळत नसलं तरी.

भटकी_मांजर
अवांतर: त्या 'गुन्थ' वरून आठवलं म्हणून, इंग्रजी 'गन' हा शब्दसुद्धा बहुधा त्याच घरातला. नॉर्समध्ये गुन्न्हिल्द्र असं बाईचं नाव होतं, दोन्ही तुकड्यांचा अर्थ लढाई, म्हणजे लढाईबाई लढाईकर. 1330-31 च्या विंडसर किल्ल्याच्या शस्त्रयादीत एका भल्यामोठ्या यंत्रधनुष्याला 'डॉमिना गुनिल्डा' असं लाडाचं नाव दिलेलं आहे, आपल्याकडे तोफेला मुलुखमैदान म्हणायचे तसंच. त्या गुनिल्डाचं लघुरूप पुढे गन झालं असं मानतात. म्हणजे बंदूक आणि हाणामारी एकाच रक्ताच्या. आणि लॅटिनमध्ये हाच धातू 'फेन्दो' झाला, त्यातून डिफेन्ड आणि ऑफेन्ड. लॅटिनमध्ये सुरुवातीच्या घ्व चा फ होतो, फोर्मुस मधला फ तोच.

लोहाराचं_पोर
आज्याला सांगायला पायजे होतं.

डॉक्टरीणबाई
फोर्मुस वाचून थांबलेच नाही. आम्ही ज्याला फोर्सेप्स म्हणतो ना, बाळंतपणात वापरतात ते, त्याची जुनी व्युत्पत्ती फोर्मुस अधिक कापेरे, म्हणजे 'तापलेली वस्तू धरणारा'. रोमन लोकांनी स्वतःच ही फोड देऊन ठेवली आहे. म्हणजे मूळची ती लोहाराची सांडशी! लेबर रूममध्ये आता मला भाता दिसणार. फर्नेसचा फर्न पण याच घरातला, लॅटिन फोर्नुस म्हणजे भट्टी. आणि थर्मामीटर, थर्मास हे ग्रीकवाले. थर्मास हे मुळात 1904 च्या जर्मन कंपनीचं नाव, म्हणजे जर्मनांनी घरात वार्म असताना बाटलीसाठी ग्रीक चुलतभावाला बोलावलं. आमच्याकडे मात्र गावाकडचे पेशंट अजून 'गरमी' म्हटलं की खाली मान घालतात, कारण जुन्या मराठीत गरमी म्हणजे गुप्तरोग.

विदर्भवासी
आमच्याकडे मे महिन्यात गरमी म्हणजे गरमीच असते डॉक्टर, 45 च्या वर. बाकी चालू द्या.

ऊनसावली
शेजारीबुवा, ब चा मुद्दा मान्य, पण घामवाल्यांची बाजू पण मांडते. एक तर शब्दाच्या मधल्या घ्व चा व होतो याला दोन्ही पक्षांची हरकत नाही. *स्नोइघ्वोस् पासून जर्मॅनिक *स्नइवझ्, त्यातून स्नो, जर्मन श्ने. लॅटिन निक्स-निविस. आणि संस्कृत स्निह्-स्नेह पण तिथलाच, चिकटतं ते, म्हणून तेल, म्हणून माया. म्हणजे घ्व आणि व यांचं येणंजाणं होतंच, प्रश्न फक्त दारात उभं राहिल्यावर काय व्हायचं याचा. आणि दारातला ब दाखवायला हातात शब्द किती? दोन-चार. त्यातल्या बिटनवर पण सगळ्यांचं एकमत नाही. एवढ्यावर नियम बांधायचा आणि सगळ्यात ठसठशीत उदाहरण, म्हणजे वॉर्म, त्यालाच अपवाद म्हणून घराबाहेर काढायचं, हे मला काही पटत नाही.

दुसरं म्हणजे घडण बघा. घर्म, फोर्मुस, *वर्मझ्. तिघांत मधला मूळ स्वर ओ, तिघांना शेपटी 'मो' ची, तिघांचा अर्थ उष्णतेचा. तीन वेगळ्या गावांत एकाच शिंप्याने शिवलेला सदरा मिळाला तर आपण काय म्हणू? समोवारवाल्यांकडे धातू आहे, उकळणारी क्रियापदं आहेत, पण उष्ण अर्थाचं, मो शेपटीचं तयार विशेषण आहे कुठे?

पाणिनीचा_शेजारी
शिंप्याचा मुद्दा बरोबर आहे, तोच तुमच्या बाजूचा सगळ्यात भारी पुरावा. पण उलट पण विचार करा, मो ही शेपटी त्या काळात कुणालाही लावत होते. *वेर् ला जर्मॅनिकवाल्यांनी घरच्या घरी लावली असेल. आणि तिसरी शक्यता कुणी बोलतच नाही, की दोन्ही शब्द जवळजवळ होते, अर्थ एक, आवाज जवळचा, आणि एकमेकांत मिसळले. घराघरांत अशी लग्नं होतात. मी स्वतः 60-40 तुमच्याकडे झुकतो, पण 100 नाही.

नाक्यावरचा_मी
प्रश्न: गॉथिकमध्ये हा शब्द आहे का? कारण तीच सगळ्यात जुनी ना? आणि वॉर्म म्हणजे किडा त्याचा काही संबंध?

ऊनसावली
किड्याचा संबंध नाही, तो वर्म आहे, जर्मॅनिक *वुर्मिझ्, लॅटिन वेर्मिसचा भाऊ. मराठीत दोन्ही वर्म-वॉर्म-वार्म असे कसेही बोलतात आपण, वार्म अप मॅच म्हणणारे कॉमेंटेटर मी ऐकलेत. तसं बघितलं तर वार्म अप म्हणणारा जुन्या उच्चाराला जास्त जवळ आहे! इंग्रजीत आधी व नंतरचा आ हा आ च होता, नंतर ओठ गोल करणाऱ्या व ने त्याला स्वतःकडे ओढून ऑ केलं. म्हणून फार्म, हार्म सरळ राहिले पण वॉर्म, वॉर, स्वॉन, वॉस्प यांचं स्पेलिंग एक आणि तोंड एक. जर्मन अजून आ च म्हणतो.

गॉथिकमध्ये विशेषण मिळत नाही, पण क्रियापद आहे, वर्म्यान. वुल्फिलाच्या चौथ्या शतकातल्या बायबलात, मार्क 14:54, पीटर शेकोटीशी अंग शेकत बसलाय तिथे 'वर्म्यान्ड्स सिक'. आणि दुसरी जागा मला फार आवडली, इफिसकरांच्या पत्रात 5:29, माणूस आपल्या देहाला पोसतो आणि जपतो, त्या 'जपतो' साठी त्याने 'वर्मेइथ' लिहिलंय. ऊब देतो. आपण पण मायेची ऊब म्हणतोच की.

जर्मनमध्ये ऊब म्हणजे वेर्मे, आ चा ए झालाय तो पुढच्या ई मुळे, जुनं रूप वार्मी होतं. ई गेली पण जाता जाता स्वर वाकवून गेली.

म्हैसाळची_मावशी
ऊनसावली, तुझ्या जर्मन लोकांत वार्म म्हणजे गरम की कोमट ते सांग ना. माझा लेक अॅमस्टरडॅमला आहे, तो म्हणतो इथे वार्म म्हणजे भाजेल इतकं पण असतं.

ऊनसावली
मावशी, लेक बरोबर सांगतोय. इंग्रजीत वॉर्म आणि हॉट असे दोन खण आहेत, बाकी घरांत त्यांच्या भिंती वेगवेगळ्या ठिकाणी. जर्मनमध्ये हाइस वेगळा आहे, पण डच माणूस दिवसातून एकदा 'वार्म' जेवतो, म्हणजे शिजवलेलं, गरम, बाकी ब्रेड. आणि 'वार्मे बाकर' म्हणजे गरम बेकरीवाला, जो स्वतः भट्टी लावून भाजतो, आणून विकत नाही. स्वीडिशमध्ये वार्मकोर्व म्हणजे हॉट डॉगचं सॉसेज. आफ्रिकान्समध्ये तर कडक उन्हाळ्यालाही वार्म. कोमटसाठी डचमध्ये लाउ, जर्मनमध्ये लाऊ, आणि इंग्रजीत तोच शब्द 'ल्यूकवॉर्म' च्या ल्यूकमध्ये लपलाय. ल्यूक म्हणजेच कोमट, वर परत वॉर्म, म्हणजे आपल्या लेडीज बाईसारखं झालं.

आणि जर्मन शिवी सांगायची राहिली, 'वार्मडूशर'. अर्थ, गरम पाण्याने आंघोळ करणारा. म्हणजे नाजूक, लेचापेचा गडी. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे सगळेच वार्मडूशर.

विदर्भवासी
घामाचं पण सांगा कोणी. उन्हाचा शब्द घामाचा कसा झाला?

भटकी_मांजर
हे मी नेपाळात अनुभवलंय. पोखऱ्याला गेस्ट हाऊसच्या काकू सकाळी म्हणाल्या, आज छान घाम आलाय, बाहेर बसा. मी म्हटलं घाम आल्यावर बाहेर कोण बसतं, थंडीत कुडकुडत होतो आम्ही. नेपाळीत घाम म्हणजे ऊन! भोजपुरीत पण तेच. म्हणजे त्यांनी कारण ठेवलं आणि आपण परिणाम ठेवला. कोकणीत आपल्यासारखाच घामाचा घाम.

पाणिनीचा_शेजारी
आणि त्याही आधी वेदात घर्म म्हणजे तापवलेलं भांडं आणि त्यातलं दूध. प्रवर्ग्य विधीत 'महावीर' नावाचं मातीचं पात्र लाल होईपर्यंत तापवून त्यात तूप आणि मग दूध ओततात, भडका उडतो, ते अश्विनांना. तो घर्म. म्हणजे भांडं, मग उन्हाची तलखी, मग अंगावरची धार. आवाजाचा रस्ता सरळ आहे, घर्म-घम्म-घाम, जसं कर्म-कम्म-काम आणि चर्म-चम्म-चाम.

गरम मात्र फारसीतून आलेला पाहुणा, आणि पाहुणा असून आता घरचाच झालाय. प्राचीन इराणचा सम्राट दारयवहू (डेरियस) याच्या बेहिस्तून शिलालेखात 'गर्मपद' नावाचा महिना आहे, उन्हाळ्यातला. म्हणजे एकाच बीजाची एक फांदी आपल्या अंगणात उगवली, ती घाम, आणि दुसरी इराणातून कलम होऊन आली, ती गरम. आणि वॉर्म अप, थर्मास, फोर्सेप्स ही इंग्रजांनी आणलेली. मराठी माणूस गरमीत घामाघूम होऊन वॉर्म अप करतो तेव्हा एकच शब्द तीनदा म्हणतो.

चहाबाज
समोवार पक्ष खरा असेल तर दोनदाच.

खडूस_काका
मला एक सांगा, जर्मन बायकोला (म्हणजे माझ्या भाच्याच्या) मराठी शिकवताना ती गरम वर फार खूश असते. म्हणते हा शब्द हलत नाही. गरम चहा, गरम पोळी, गरम दूध, गरम भजी. चांगला-चांगली-चांगलं वर रडते.

ऊनसावली
काका, तिचं खूश होणं मी समजू शकते कारण मी उलट बाजूने रडतेय. देर वार्मे टे, पण आइन वार्मर टे, मिट वार्मेम वासर. एकाच विशेषणाच्या दोन-दोन पोशाखांची ही सवय थेट प्रोटो-जर्मॅनिकची आहे. विशेषणाच्या आधी 'तो', 'हा' सारखा दाखवणारा शब्द असला की साधा पोशाख, नसला की विशेषण स्वतःच सर्वनामाचे प्रत्यय अंगावर घालून उभं राहतं. इंग्रजीने हे सगळं सोडून दिलं, जर्मनने जपून ठेवलं आणि सेकंडहँड माझ्या गळ्यात मारलं.

लोहाराचं_पोर
मी घाम पार्टी. कारण समोवार आमच्या घरी नव्हता, घाम होता.

पाणिनीचा_शेजारी
पुरावा म्हणून ग्राह्य नाही, पण +१.

नाक्यावरचा_मी
धागा वाचनखूण केलाय. एक राहिलं, मी पुढच्या महिन्यात कामासाठी तिकडे येतोय, त्या वार्ममीटे मध्ये लाइटबिल धरलेलं असतं का?

ऊनसावली
बहुतेक ठिकाणी नाही, वीज आणि इंटरनेट स्वतःच्या नावावर वेगळं घ्यावं लागतं. आणि हीटिंगचा हिशोब वर्षाच्या शेवटी परत होतो, जास्त जाळलं असेल तर फरक भरायचा. करार करण्याआधी मागच्या वर्षीचा हिशोब बघायला मागा. आम्ही मागितला नव्हता, पहिल्या घरात भर जानेवारीत पत्र आलं आणि घाम फुटला.